मिरग थांबत नाही

आमच्या घरातून पहिल्यांदा परदेशी गेला तो माझा आजा. बैलगाडीत बसून गेला आणि एका रात्रीत पैनगंगेच्या पलीकडे उतरला. १९४८ चा उन्हाळा होता, नदीला गुडघाभर पाणी होतं. अलीकडचा काठ निजामाचा, पलीकडचा हिंदुस्थानचा. १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ या तेरा महिन्यांत आमच्या शिवारापासून उत्तरेला वाहणारी ही ओळखीची नदी दोन मुलखांची हद्द होऊन बसली होती. गाडीत आजी, तिच्या मांडीवर माझे थोरले काका, दोन पोती ज्वारी, एक तांब्याचा हंडा आणि कागदांची पत्र्याची पेटी. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आज्यानं आधीच काढून ठेवल्या होत्या. आजी सांगायची, "रात्रभर बैलाच्या गळ्यातून आवाज आला नाई, तवाच मला भ्याव वाटलं."

पुसेगाव म्हटलं की लोक विचारतात, सेवागिरी महाराजांचं का? ते सातारा जिल्ह्यातलं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं, संत नामदेवांच्या नरसीच्या पंचक्रोशीतलं. काळी जमीन, कापूस, तूर, ज्वारी. आता सोयाबीन आणि हळद. माझ्या शाळेच्या दाखल्यावर मात्र जिल्हा परभणी आहे. हिंगोली वेगळी झाली १ मे १९९९ ला, त्याच्या आधीच माझं शिक्षण आटोपलं होतं. पुढे पासपोर्ट, व्हिसा, नोकरी, जिथे जिथे कागद दाखवावे लागले तिथे तिथे मला सांगावं लागलं की गाव तेच आहे, जिल्हा बदलला. एका कार्यालयात तर एवढ्यासाठी वेगळं प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. तेव्हा मला आज्याची पेटी आठवली.

त्या पेटीत जमीन महसुलाच्या पावत्या होत्या. उर्दू अक्षरं, कडेला फसली सन. १३५७ फसली म्हणजे आपलं १९४७-४८. आज्याला उर्दू वाचता येत असे. त्याच्या काळी शाळेत तीच भाषा होती. त्यानंतरचे कागद मराठीत. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, मग सातबारा. माथ्यावरचं नाव बदलत गेलेलं. आधी निजाम सरकार. मग भारतातलं हैदराबाद राज्य, ज्याचा राजप्रमुख म्हणून १९५६ पर्यंत निजाम मीर उस्मान अली खानच होता. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. एका माणसानं एकच वावर कसलं आणि त्याच्यावरची सरकारं चार झाली. मोगलाईतली म्हणजे निजामाची रयत, भारताचा नागरिक, मुंबई राज्याचा रहिवासी, महाराष्ट्राचा शेतकरी. हे सगळं होत असताना तो कुठे गेला होता? त्या एका उन्हाळ्यात नदीपलीकडे. बस.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण माझं स्वतःचं आहे. २००३ साली लग्नानंतर मी अमेरिकेत गेले. ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ आमचं घर आहे, मी तिथे एका शाळेत शिकवते. २०१४ साली ग्रीन कार्ड मिळालं. पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येत होता. तो मी केला नाही. ओळखीच्या एकेकानं 'सिटिझनशिप घेतली', 'ओसीआय काढलं' अशा बातम्या येत राहिल्या आणि मी दर वर्षी म्हणत राहिले, पुढच्या वर्षी बघू. अर्ज तासाभरात भरून झाला असता. त्या अर्जानं आज्याच्या पेटीत पाचवा कागद पडणार होता, आणि तो पहिल्यांदाच आमच्यापैकी कुणी आपल्या हातानं टाकणार होतं. अडलं ते तिथे.

आजा गेला त्या उन्हाळ्यात नदीपलीकडे, वाशीमच्या बाजूला, आजीचं माहेर होतं. वाशीम वऱ्हाडातलं, तेव्हा अकोला जिल्ह्यात. आजा तिथे पोचला तेव्हा हद्दीवरच्या वऱ्हाडी गावांत मोगलाईतून आलेली घरंच्या घरं उतरलेली होती. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या भीतीनं माणसं मिळेल त्या वाटेनं निघाली होती; स्टेट काँग्रेसच्या तरुणांच्या छावण्या याच हद्दीला लागून उभ्या होत्या. आज्याच्या कमरेला हाली रुपये होते, निजामाचं नाणं. पलीकडे चालायचा कलदार, इंग्रजी रुपया. सात हालीला सहा कलदार हा ठरलेला भाव. पण घाईनं नदी ओलांडून आलेल्या माणसाला ठरलेला भाव कोण देतो? आजा म्हणायचा, "परदेश काय असतो ते मला त्या सराफाच्या ओट्यावर कळलं. रुपया तोच, वजन तेच, पण तिथं त्याला कोनी वळखीना."

आजीच्या वडिलांनी जावयाला वावर बटईनं द्यायची तयारी दाखवली. म्हणाले, आता परत जाऊ नका, इथेच राहा, हा हिंदुस्थान आहे, तिकडं काय होईल कोण जाणे. तसं बघितलं तर त्या म्हाताऱ्याचं बरोबर होतं. पण ज्येष्ठ लागला, वारं फिरलं, आणि आजा उठून बसला. सासऱ्याला म्हणाला, "मामा, हिंदुस्थान आज ना उद्या तिकडं बी येईल. पन मिरग थांबत नाई."

बायको-पोराला पलीकडे ठेवून तो एकटा नदी उतरून आला. मृगाचा पाऊस पडल्यावर शेजाऱ्याच्या तिफणीनं आठ दिवसांत ज्वारी आणि कापूस पेरला आणि नदी भरायच्या आत परत गेला. पीक उभं राहील का, कापायला आपण असू का, राज्य कुणाचं असेल, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्या, पाच दिवसांत निजामानं हार मानली, आणि दसऱ्याच्या सुमारास तो आजीला घेऊन घरी आला. ज्वारी कमरेएवढी झाली होती. निंदणी न झाल्यानं गवतही तेवढंच होतं. आजी गाडीतून उतरली ती खुरपं शोधायला गेली.

ही गोष्ट आमच्या घरात अर्धीच सांगितली जायची. उरलेली अर्धी आजीनं मला फार उशिरा, मी अमेरिकेला निघायच्या आदल्या आठवड्यात सांगितली. ज्या शेजाऱ्याच्या तिफणीनं पेरणी झाली ते मुसलमान होते. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. सप्टेंबरनंतर भीती कूस बदलून त्यांच्या घरात शिरली. रझाकारांच्या जुलमाचा सूड, त्यात हात नसलेल्या माणसांवरही उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं कमीत कमी २७ ते ४० हजार माणसांचा जीव गेला असा अंदाज दिला होता. तो अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. चाचांचं घर वाचलं. पण त्यांचा धाकटा भाऊ पुढच्या वर्षी मुंबईहून बोटीनं कराचीला गेला. चाचा राहिले. आज्यानं त्यांना विचारलं होतं, तुम्ही का नाही गेलात? त्यांनी उत्तर दिलं नाही, नुसतं वावराकडे हात केला. आजी म्हणाली, "ह्यायनं मामाला जे सांगितलं, तेच चाचानं ह्याईला सांगितलं. बोलून नाई, एवढंच."

१९८२-८३ च्या सुमारास ते धाकटे चाचा गावाला आले. मी सात-आठ वर्षांची होते. संविधानाच्या सातव्या अनुच्छेदानं पाकिस्तानात गेलेल्यांचं नागरिकत्व संपलं होतं, त्यामुळे जन्मगावी यायला त्यांना व्हिसा काढावा लागला होता आणि आल्या आल्या पोलिसांत नोंद करावी लागली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आज्याबरोबर शिवारात गेले, मी मागून. एकेक बांध ओलांडताना ते वावरांची नावं घेत होते. हे चिंचेचं. हे पांदीचं. हे लवण. हे बरड. पलीकडचं म्हसोबाचं. सातबाऱ्यावर यातलं एकही नाव नाही, तिथे नुसते गट नंबर. जवळजवळ पस्तीस वर्षांनी त्यांचं एकही नाव चुकलं नाही. एका ठिकाणी आज्यानं सांगितलं की हा तुकडा विकायला निघालाय. धाकटे चाचा थांबले. किती मागतो म्हणून विचारलं. मग आपणच हसल्यासारखं करून पुढे चालू लागले. विकत घ्यायचा प्रश्नच नव्हता. त्यांचं सगळं होतं तिथेच होतं, फक्त त्यात बोलायचा अधिकार गेला होता. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. चाळीस वर्षांनी अप्पांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला तेव्हा कळलं.

अप्पांना मी सांगितलं होतं की अर्ज करायचं मनात आहे. त्यांनी दोन दिवस विचार करून फोन केला आणि एकच विचारलं, "मग तू सातबाऱ्यावर ऱ्हाशील का?"

मी त्यांना नीट सांगितलं. भारताचा कायदा दोन नागरिकत्वं मानत नाही. संविधानाच्या नवव्या अनुच्छेदातच ते आहे, आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम सांगतं की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. अमेरिका दुसरं ठेवायला हरकत घेत नाही, जर्मनीनंही २०२४ मध्ये दुहेरी नागरिकत्वाला वाट मोकळी केली, पण आपल्याकडून दार बंदच आहे. पासपोर्ट जमा करायचा, सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं, मग ओसीआय कार्ड. ही सोय सुरू झाली तेव्हा पहिली कार्डं जानेवारी २००६ मध्ये वाटली गेली, तीही हैदराबादला. त्या कार्डावर जन्मभर विनाव्हिसा येता येतं, राहता येतं. वारसानं आलेली शेती ठेवता येते, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. सरकारी पद नाही. मतदान नाही.

अप्पा म्हणाले, "म्हंजे बांधावर येशील, पन बांध घेता येनार नाई."

मला धाकटे चाचा दिसले.

केंद्र सरकारनं संसदेत दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०११ साली १,२२,८१९ भारतीयांनी नागरिकत्व सोडलं. २०२२ साली २,२५,६२० जणांनी. एवढ्या माणसांमागे एवढेच फोन झाले असतील, एवढेच अप्पा दोन दिवस गप्प बसले असतील. नागरिकत्व सोडणाऱ्याला कुणी कृतघ्न म्हणतं, कुणी व्यवहारी म्हणतं. दोन्ही शब्द लांबून फेकलेले आहेत. जवळून बघितलं तर तिथे एक माणूस आपला पेरा नेमका कुठे आहे हे मोजत बसलेला असतो.

आमच्या नदीपलीकडच्या विदर्भातल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे आठवा. गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशाचे दरवाजे बंद झाले म्हणून मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवलं, मक्याची नवी वाणं काढली, तिथल्या गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा चालवल्या. डिएगो रिव्हेरानं त्यांना भिंतीवरच्या चित्रात रंगवलं. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी आयुष्य वेचलं तो स्वतंत्र झाल्यावर मात्र तिथे यायला त्यांना व्हिसा मागावा लागला, आणि इंग्रजांच्या जुन्या काळ्या यादीमुळे तो आधी नाकारला गेला. शेवटी ते आले, नागपुरात राहिले, तिथेच १९६७ साली गेले. त्यांची निष्ठा कुठल्या कागदानं मोजायची? मेक्सिकोच्या मक्यात ती होती आणि नागपूरच्या शेवटच्या वर्षांतही होती.

माझ्या मामांनी मला धीर द्यायला नामदेव महाराजांचं उदाहरण दिलं. म्हणाले, नरसीचे महाराज पंजाबात घुमानला जाऊन राहिले, शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, म्हणून ते काय नरसीचे राहिले नाहीत? २०१५ मध्ये मराठी साहित्य संमेलनसुद्धा घुमानला भरलं. मामांचं म्हणणं खरं आहे आणि मला त्याचा आधार वाटला. पण मी ते पुरतं घेतलं नाही. आपण कुणाचे हे नामदेवांच्या उत्तरानं सुटतं. आपल्या बोलण्याला कुठे किंमत आहे आणि आपल्यावर कुठलं ओझं आहे, हे वेगळं. ते सुटायला मला आजीकडेच जावं लागलं.

आजी १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत मत द्यायला गेली. निजामाच्या राज्यात रयतेला असं मत कधीच नव्हतं. बाईमाणसाला तर नाहीच. यादी करायला माणूस आला तेव्हा सासऱ्यांनी ओसरीतून सांगितलं, "आमच्या धाकल्याची बायको." त्यानं विचारलं, नाव काय? सासरे गप्प. सुनेचं नाव असं परक्यासमोर कधी घेतलंच नव्हतं. तेव्हा आतून आजीनंच सांगितलं. मोठ्यानं. "मव्हं नाव पहिल्यांदा सरकारी कागदावर आलं ते त्या यादीत," असं ती सांगायची. जमिनीच्या कागदावर नाही, रेशनकार्डावर नाही, मतदार यादीत. उमेदवारागणिक वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. बोटाला लावलेली शाई राखेनं भांडी घासूनही कित्येक दिवस गेली नाही. ती पुसली जाऊ नये म्हणून पुढे पुढे आपण डाव्या हातानं घासायचं टाळत होतो, हेही तिनं लाजत सांगितलं होतं. २००९ साली ती गेली. तोवर एकही निवडणूक तिनं चुकवली नव्हती.

आणि मी? २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकालाही मतदार यादीत नाव घालता येतं. फक्त मत द्यायला स्वतः गावी यावं लागतं. मी ना नाव घातलं होतं, ना आले होते. तिकडे ओहायोत आमच्या शाळांच्या खर्चासाठी वाढीव कर लावायचा की नाही यावर लोक मतदान करतात. मी तो कर भरते. मी त्याच शाळेत शिकवते. प्रस्ताव पडला त्या वर्षी आमच्या शाळेतली संगीताची शिक्षिका कमी झाली, आणि त्यावर माझं मत नव्हतं. वीस वर्षं मी दोन्ही तीरांवर बिनमताची होते. आजीनं ओसरीतल्या सासऱ्यांना न जुमानता मिळवलेली गोष्ट मी इकडेही वापरली नाही आणि तिकडेही घेतली नाही.

याच विचारात असताना निजामाच्या राज्यातले जुने नियम वाचनात आले. तिथे सरकारी नोकरी मुल्की, म्हणजे त्याच मुलखातल्या, माणसालाच मिळे. १९१९ च्या फर्मानानं त्याचे नियम बांधले गेले. बाहेरून आलेल्याला मुल्की व्हायचं असेल तर पंधरा वर्षांचा कायमचा रहिवास हवा, आणि वर दंडाधिकाऱ्यासमोर प्रतिज्ञापत्र: आपण आपल्या मूळ ठिकाणी परत जाण्याचा इरादा सोडून दिला आहे. हे वाचलं तेव्हा मी हातातलं पुस्तक मिटून ठेवलं. अमेरिकेची शपथही वेगळ्या शब्दांत याच्याच जवळ जाते. ज्या कुठल्या परक्या राजाशी वा राज्याशी आजवर बांधील होतो, त्याच्यावरची निष्ठा पूर्णपणे सोडतो, असं म्हणावं लागतं. निजामाचा प्रश्न मला जास्त सरळ वाटला. परत जायचा इरादा सोडलास का? मी तो स्वतःला विचारला आणि पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. सोडला आहे. कधी सोडला ते कळलं नाही, पण सोडला आहे. माझी मुलं, माझे वर्गातले विद्यार्थी, माझा रोजचा पेरा तिकडे आहे. आजा पेरणीसाठी निजामाच्या राज्यात परत आला, कारण वावर इथे होतं. झेंड्याचा हिशेब त्यानं मागून केला. त्याच्याच मापानं मापलं तर मला तिकडे उभं राहिलं पाहिजे, पूर्ण, नावानिशी.

पण जे सोडायचं ते एकदा हातात घेऊन सोडावं असं वाटलं. मी परदेशस्थ मतदाराचा अर्ज भरला आणि २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाला पुसेगावला आले. सोयाबीन निघालं होतं, तूर फुलावर होती, कापसाची वेचणी चालू होती. शाळेत रांग होती. परदेशस्थ मतदाराला ओळख म्हणून मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. जो निळा पासपोर्ट मी थोड्याच दिवसांत जमा करणार होते, तोच उघडून मतदान केंद्रावरच्या सरांनी माझं नाव वाचलं. मोठ्यानं. मागून अप्पा म्हणाले, "माझी लेक." सर म्हणाले, "नाव वाचलं की, काका."

संध्याकाळी अप्पांबरोबर शिवारात गेले. धाकट्या मुलाला सोबत आणलं होतं. अप्पांनी त्याला वावरांची नावं सांगितली आणि त्यानं ती इंग्रजी वळणाच्या मराठीत परत म्हटली: चिंचेचं, पांदीचं, लवण, बरड. म्हसोबाचं म्हणताना अडखळला, पुन्हा म्हटलं.

जानेवारीच्या शेवटी कोलंबसला शपथ झाली. सभागृहात कितीतरी देशांची माणसं उभी होती. उजवा हात वर करायचा असतो. तो केला, शब्द म्हटले, आणि ते मनापासून म्हटले. डावा हात खाली होता. त्याच्या तर्जनीच्या नखावर पुसेगावच्या शाईची रेघ टोकाशी अजून उरली होती. घरी आल्यावर मी भांडी उजव्या हातानं घासली.